सकाळी गाडी बसलेली असते – कॉम्प्रेसर गेलाय की हवा गळतेय?

तिसरं_गेट
नमस्कार मंडळी. माझ्याकडं एक जुनी जर्मन सात सीटर आहे, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि ब्रँडवरून हाणामारी सुरू होते. चारही चाकांना एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवा भरलेल्या रबरी बॅगा आणि त्यांत हवा भरायला एक कॉम्प्रेसर.

लक्षणं अशी. रात्री गाडी नीट उभी असते. सकाळी बघावं तर पुढची उजवी बाजू बसलेली, मडगार्ड टायरला टेकायचं तेवढं बाकी. स्टार्ट केली की पुढून घुंऽऽ आवाज येतो आणि गाडी उठायला लागते. पूर्वी गेट उघडून येईपर्यंत सरळ व्हायची. आता आवाज बराच वेळ चालतो, मधेच खडखड मिसळते, गाडी अर्धवट उठते आणि डॅशबोर्डवर पिवळा मेसेज येतो. बंद करून अर्धा-पाऊण तास सोडली की परत थोडी उठते. एकदा उठली की चोर्ल्यातून गोव्यापर्यंत काही तक्रार नाही.

गॅरेजवाल्यानं नुसता आवाज ऐकला आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर गया साब, नया डालना पडेगा." आकडा सहा अंकी. स्कॅनर लावला नाही, गाडीखाली वाकूनही बघितलं नाही. पैसे द्यायला ना नाही, खरं कॉम्प्रेसरच गेलाय हे कशावरून? कुणी हे प्रकरण निस्तरलंय का?

ऊसवाला_रायबाग
विका आणि बोलेरो घ्या. मागचे पाटे रात्रीत बसत नाहीत.

तिसरं_गेट
बोलेरो आहे की घरात. ती बाबांची, तिला हात लावायची परवानगी नाही.

चंदगडी_मास्तर
"बसलेली" म्हणजे किती? टेप घ्या. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी माप घ्या आणि लिहून ठेवा. जमीन सपाट हवी. तुमच्याकडं अंगणात फरशीला उतार असेल तर सगळी मापं फुकट जातील. रात्री एकदा, सकाळी गाडी उघडायच्या आधी एकदा. दार उघडलं की कंट्रोल युनिट जागं होतं आणि स्वतःच उंची बदलायला बघतं.

निपाणी_ट्रान्सपोर्ट
आमच्या ट्रकांना हवेचेच ब्रेक, त्यामुळं हवेची गळती हा आमचा रोजचा विषय. ट्रकचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, इंजिन चालू तोवर तोही चालू. ८ बारच्या आसपास दाब, मोठ्या टाक्या, आणि ड्रायव्हर शहाणा असेल तर टाकीचा ड्रेन ओढून पाणी काढतो. एखादं कनेक्शन थोडं गळलं तरी कॉम्प्रेसर भरून काढतो, कुणाला कळतही नाही.

कारचं तसं नाही भावा. कारचा कॉम्प्रेसर बॅटरीवरचा, मुठीएवढी मोटर, थोडा वेळ चालायचं आणि गप्प बसायचं एवढंच त्याचं काम. त्याला ट्रकसारखा राबवला तर जळणारच. आता तो गळतीमुळं राबालाय की मुळातच म्हातारा झालाय, हे उद्यमबागवाल्या दादांना विचारा. ते इथं येतात अधूनमधून.

गाड्यांचा_दलाल
मी जुन्या गाड्यांचाच धंदा करतो, असल्या गाड्या हातातून गेल्यात. खडखड आली ना? मग चर्चा संपली. कॉम्प्रेसर आणि त्याचा रिले (मोटरला करंट देणारा स्विच) एकदम बदला, मेसेज क्लिअर करा, गाडी विका. तपासणीत घालवलेल्या वेळात दोन गिऱ्हाइकं होतात.

उद्यमबाग_लेथ
कुणीतरी आठवण काढलेली दिसते.

दलालसाहेब, कॉम्प्रेसर खराब असेलही. खरं तो का खराब झाला हे न बघता नवा घालणं म्हणजे घागरीला भोक आणि शिव्या नळाला. या गाड्यांत कॉम्प्रेसर बहुतेक वेळा शेवटी मरतो. आधी एअर स्ट्रटचं (चाकावरचा दांडा आणि त्यावरची हवेची बॅग) रबर नाहीतर एखादं फिटिंग झिरपायला लागतं. रात्री गेलेली हवा रोज सकाळी भरून काढायची, म्हणून कॉम्प्रेसर ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त चालतो. आत एक छोटा पिस्टन असतो, त्याच्यावर टेफ्लॉनची रिंग. तिला तेल नसतं, कोरडीच घासते. रिंग झिजली की दाब तयार होत नाही, मग आणखी जास्त वेळ चालतो, डोकं तापतं, आणि तापमान हद्दीबाहेर गेलं की कंट्रोल युनिट त्याला बंद करतं. तुमची गाडी अर्धा तास थांबल्यावर परत उठते ती याच्यामुळं. कॉम्प्रेसर निवतो आणि युनिट पुन्हा परवानगी देतं.

आता ओळखायचं कसं. घाई नको, हा क्रम चुकवू नका.

पहिलं, बॅटरी. बॅटरी मरतुकडी असेल तर युनिट कॉम्प्रेसरला हात लावू देत नाही. त्यामुळं कॉम्प्रेसर चालवायच्या सगळ्या चाचण्या इंजिन चालू ठेवून.

दुसरं, रात्रीची चाचणी. मास्तरांनी सांगितली तशीच मापं घ्या, खरं गाडी लॉक करायच्या आधी सस्पेन्शन कंट्रोलचा फ्यूज काढून ठेवा. काही गाड्यांत युनिट रात्री अधूनमधून जागं होतं आणि एक कोपरा खाली गेला की बाकीचे तीनही त्याच्या बरोबरीला आणतं. सकाळी चारही बाजू बसलेल्या दिसतात आणि माणूस म्हणतो, सगळंच गेलं. फ्यूज काढला की वाल्व बंद राहतात, जो कोपरा गळतो तोच बसतो. एकच कोपरा बसला तर त्या चाकाची बॅग किंवा तिची नळी. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही बसले तर वाल्व ब्लॉकवर (कॉम्प्रेसरची हवा चारही चाकांना वाटणारा ठोकळा) संशय. रात्रभर काहीच बसलं नाही आणि तरीही उठायला वेळ लागत असेल, तर मग कॉम्प्रेसर.

तिसरं, साबणाचं पाणी. भांडी घासायचा लिक्विड साबण पाण्यात, झाडांवर फवारायच्या बाटलीत. स्ट्रटच्या वरच्या टोकाला नळी शिरते तिथं, आणि रबराची घडी जिथं आत वळते तिथं. हे गाडी नेहमीच्या उंचीला असताना करा आणि वर उचलल्यावरही करा. रबर घडी घालत वर-खाली होतं, त्यामुळं चीर एका उंचीला उघडी आणि दुसऱ्या उंचीला मिटलेली असू शकते. आपल्याकडं खानापूर-जांबोटीची लाल माती त्या घडीत बसते आणि रबर खाते.

आणि हे सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं: नुसत्या हवेच्या भरवशावर गाडीखाली किंवा मडगार्डच्या आत डोकं घालू नका. बॅग फुटली की गाडी सांगून खाली येत नाही. जॅक मोड (गाडी उचललेली असताना युनिटला उंची बदलू न देणारी सोय) असेल तर तो चालू करा, स्टँड लावा, मगच हात घाला.

तिसरं_गेट
दादा, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. आज रात्रीच फ्यूज काढतो.

कणकुंबीचा_पाऊस
एक गोष्ट राहिली. आमच्याकडं मलप्रभेचा उगम आहे आणि पावसाळ्यात हवेपेक्षा पाणीच जास्त. कॉम्प्रेसर ती हवा ओढतो. त्याला ड्रायर जोडलेला असतो, आत ओलावा शोषणारे दाणे. गाडी खाली येताना बाहेर पडणारी कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलटी जाते आणि दाणे वाळवते. गळक्या गाडीत हवा बॅगमधूनच पळून जाते, ड्रायरमधून परत जातच नाही. दाणे ओलेच राहतात, मग त्यांचं पीठ होतं. कॉम्प्रेसरच्या बाहेरच्या नळीत पांढरट भुकटी दिसली तर समजा ड्रायर संपला, आणि तीच भुकटी पुढं वाल्व ब्लॉकमध्ये जाऊन बसते. नवा कॉम्प्रेसर घालताना नळ्या फुंकून साफ केल्या नाहीत तर वाल्व अडकतात.

निपाणी_ट्रान्सपोर्ट
म्हणजे आमचा टाकीचा ड्रेन बरा म्हणायचा. साखळी ओढली की पाणी बाहेर, विषय मिटला.

ऊसवाला_रायबाग
उंदीर तपासा. थट्टा नाही. आमच्याकडं ऊसतोड झाली की उंदीर वस्तीकडं येतात आणि उभ्या गाडीची वायर नाहीतर नळी खातात. या गाड्यांत हवेची नळी नायलॉनची, पेन्सिलपेक्षा बारीक. दाताची एक खूण पुरते.

चोर्ल्याचा_रायडर
विषयांतर करतो, माफी असावी. गाडी बेळगावच्या ऑटोनगरला सोडून दिवसभर थांबायचं असेल तर जेवायला कुठं जायचं? कुंदा कुठला चांगला हे विचारत नाही, तो वाद इथं मिटणार नाही.

शहापूरचा_पोरगा
कुंद्याचा वाद मिटवायला एकच उपाय, सगळीकडचा घ्या आणि माझ्याकडं पाठवा.

संपादक
कुंदा, सीमाप्रश्न आणि कोल्हापूरचा तांबडा की आमचा, या तीन विषयांवर इथं चर्चा नको. स्वतंत्र धागे आहेत, तिथं भांडा.

गाड्यांचा_दलाल
बरं, मी दुसरा मार्ग सांगतो. हवा काढून टाका. कॉइल स्प्रिंगचं किट मिळतं, चारही चाकांना बसतं. एकदा घातलं की बॅग नाही, कॉम्प्रेसर नाही, सकाळची पूजा नाही. परदेशात जुन्या गाड्यांना सर्रास करतात.

चंदगडी_मास्तर
करतात, मान्य. पण डॅशबोर्डवरचा मेसेज घालवायला युनिट फसवावं लागतं आणि उंची बदलायची सोय जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, अपघातानंतर इन्शुरन्सवाला ते बोट दाखवून उभा राहिला तर? ज्याला पंधरा वर्षं तीच गाडी ठेवायची त्यानं विचार करावा.

गाड्यांचा_दलाल
पंधरा वर्षं एक गाडी ठेवणारा माणूस आमच्या धंद्याचा शत्रू.

बस_स्टँडवरून
आमच्या व्होल्वो बसेसनाही एअर बॅगच असतात, गावकडच्या रस्त्यानं रोज धावतात, लोकांना वाटतं सीट मऊ आहे. बॅग फुटली तर चालकाला लगेच कळतं, बस एका अंगाला कलते. तिथंही डेपोत आधी साबणाचं पाणीच मारतात, मग बाकीचं.

तिसरं_गेट
निकाल आणलाय.

फ्यूज काढून ठेवला. सकाळी पुढचा उजवा कोपरा जवळजवळ ६ सेंटीमीटर खाली, बाकीचे तीन जिथल्या तिथं. चाक वळवून, स्टँड लावून, स्ट्रटच्या वरच्या टोकाला साबणाचं पाणी मारलं. नळी शिरते तिथं काही नाही. गाडी वर उचलल्यावरही काही नाही. नेहमीच्या उंचीला आणली, रबराच्या घडीवर मारलं आणि दोन मिनिटं बघत बसलो. मग तांदळाच्या दाण्याएवढा एक फुगा, तो फुटला, परत तिथंच दुसरा. मोबाईलच्या टॉर्चनं बघितलं तर घडीच्या आतल्या अंगाला केसासारखी चीर, त्यात लाल माती. दादा म्हणाले तेच.

म्हणजे गळती आहे. खरं खडखडीचं काय? कॉम्प्रेसर अजून बरा आहे की त्याचाही खेळ संपला?

उद्यमबाग_लेथ
शाब्बास. आता कॉम्प्रेसरकडं. बऱ्याच जर्मन गाड्यांत तो पुढच्या उजव्या चाकाच्या पुढं, प्लास्टिकच्या लायनरमागं असतो. तुमचा आवाज पुढून येतो म्हणालात, तिथंच बघा. लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी ३ मध्ये डाव्या बाजूला चासीला, मागच्या चाकाच्या पुढं. ज्याची जी गाडी त्यानं तसं शोधावं.

आधी रिले. रिलेवर बोट ठेवा, कॉम्प्रेसर थोडा वेळ चालल्यावर हात ठेववत नसेल इतका तापतो का बघा. फार वेळ चालणाऱ्या कॉम्प्रेसरमुळं रिलेचे कॉन्टॅक्ट जळतात, कधी चिकटूनच बसतात. चिकटले की चावी काढली तरी मोटर चालूच, आणि मग मोटर जळते ती कायमची. म्हणून कॉम्प्रेसर नवा घातला की रिलेही नवा, त्याला फार पैसे लागत नाहीत.

मग मल्टिमीटर. मोटर चालू असताना तिच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघा, बंद असताना नाही. इंजिन चालू असेल तर १२ च्या वर हवं. ११ च्या खाली गेलं तर वायर, अर्थिंग किंवा रिले दोषी, कॉम्प्रेसर नव्हे. भरपूर कॉम्प्रेसर या एका चाचणीअभावी भंगारात गेलेत.

शेवटी दाब. बाहेरची नळी काढून तिथं गेज लावायचा. टायरचा गेज चालणार नाही, टायरमध्ये २.३ बार असतात. ट्रकचा गेजही नको. टाकी असलेल्या सिस्टिममध्ये हे कॉम्प्रेसर १५-१६ बारच्या घरात जातात, म्हणून २५ बारचा गेज घ्या. ॲडॅप्टर इथं कुठल्याही हायड्रॉलिकवाल्याकडं वळवून मिळेल. नळी सोडताना डोळ्यांवर चष्मा घाला, आत हवा भरलेली असते. काटा झपाट्यानं चढला तर कॉम्प्रेसर ठीक. मधेच कुठंतरी अडकून बसला आणि मोटर नुसतीच ओरडत राहिली तर रिंग गेली. आणि त्याच वेळी कॉम्प्रेसरच्या एक्झॉस्टच्या (गाडी खाली आणताना हवा सोडायच्या) तोंडाशी फुस्स ऐकू आलं तर रिंग नव्हे, एक्झॉस्ट वाल्व नीट बसत नाही.

कॅम्पातली_मावशी
मी नुसती वाचतेय. आमच्या ह्यांची गाडी उलटी आहे, बसत नाही, एका बाजूला जास्तच उचलते. तेही कॉम्प्रेसर का?

उद्यमबाग_लेथ
नाही मावशी. कॉम्प्रेसरला बाजू कळत नाही. प्रत्येक चाकाशी उंची मोजणारा सेन्सर असतो, त्याला एक छोटी दांडी जोडलेली. ती दांडी मोडली किंवा गंजून अडकली की युनिटला वाटतं गाडी खाली आहे, आणि ते हवा भरत सुटतं. चाकाशी वाकून बघायला सांगा, मोडलेली असेल तर लोंबताना दिसेल. ती बदलल्यावर स्कॅनरनं उंची परत सेट करावी लागते.

कॅम्पातली_मावशी
लोंबतेय. ह्यांना फोटो काढायला लावला. थँक्यू.

चंदगडी_मास्तर
मावशींनी एका पोस्टमध्ये काम उरकलं, आम्ही पानंच्या पानं लिहितोय.

थोडा इतिहास, कुणाला हवा असेल तर. हे फॅड आजचं नाही. कॅडिलॅकनं १९५७ मध्येच एल्डोराडो ब्रॉमला एअर सस्पेन्शन दिलं होतं, आणि गळतीच्या कटकटीनं वैतागून अनेकांनी ते काढून कॉइल घातले. मर्सिडीजचं एअरमॅटिक १९९८ च्या एस-क्लासबरोबर आलं. म्हणजे दलालसाहेबांचा उपाय फार जुना आहे.

गाड्यांचा_दलाल
बघा. आम्ही परंपरा जपतो.

तिसरं_गेट
चालू असताना कनेक्टरवर १२.९ आलं, म्हणजे वायरिंग ठीक. रिले हात लावू देत नव्हता. गेज उद्यमबागेतूनच मिळाला, ॲडॅप्टर तिथंच वळवून घेतला. काटा सरळ ६ बारपर्यंत आला आणि तिथंच थरथरत राहिला. मोटर खडखडत होती, काटा हलला नाही. एक्झॉस्टकडून आवाज नाही. नळीच्या तोंडाला बोट फिरवलं तर पांढरी भुकटी.

गाड्यांचा_दलाल
म्हणजे कॉम्प्रेसर गेला होता. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चहा कुणाकडून?

उद्यमबाग_लेथ
कॉम्प्रेसर गेलाच होता, तुम्ही बरोबर. तुमच्या सल्ल्यानं नुसता तोच बदलला असता तर स्ट्रट गळतच राहिला असता आणि नवाही याच वाटेनं गेला असता. त्याची किंमत पण लावा की हिशेबात.

तिसरं_गेट, आता स्ट्रट आधी, कॉम्प्रेसर नंतर. रिंगचं किट वेगळं मिळतं, खरं तुमच्याकडं ड्रायरही संपलाय. सिलिंडरच्या आत बोट फिरवा. गुळगुळीत असेल तर किट आणि ड्रायरवर निभावेल. रेघा पडल्या असतील तर किटवर पैसे घालू नका, नवी रिंगही त्या रेघा खातील. अशा वेळी अख्खा कॉम्प्रेसरच घ्या. सेकंडहँड घेऊ नका, तोही कुणाच्या तरी गळक्या गाडीतूनच आलेला असतो.

तिसरं_गेट
रेघा आहेत, नखाला लागतात. नवा मागवतो, स्ट्रट आणि रिलेही. वाल्व ब्लॉकपर्यंतच्या नळ्या फुंकून घेतो. गॅरेज दुसरं बघितलंय, त्यांनी आधी स्कॅनर काढला.

घटप्रभाकाठ
माझ्या गाडीत फक्त मागच्या एक्सलला हवा आहे, पुढं कॉइल. मागून दोन्ही बाजू सारख्या बसतात, आणि रात्री नाही, माणसं आणि सामान भरल्यावरच. रिकामी असली की आठवडाभर उभी राहते. फ्यूजची चाचणी करू का?

उद्यमबाग_लेथ
गरज नाही, आठवडाभर उभी राहते म्हणजे गळती नाही. वजन टाकल्यावर उचलायला दाब कमी पडतोय. थेट गेज लावा, आणि त्याआधी कॉम्प्रेसरचा हवा ओढायचा फिल्टर बघा. गोकाककडच्या धुळीत तो चोंदलेला असणं अगदी शक्य आहे.